चाकरमान्याचा हरवलेला विनोद

टोकियोतल्या एका साध्या घरात नुकतेच लग्न झालेले जोडपे राहते. नवरा रोज सकाळी कपडे करून ऑफिसला म्हणून बाहेर पडतो, पण त्याला नोकरीच नाही, आणि ही गोष्ट त्याने बायकोपासून आणि गावाहून आलेल्या आईपासून लपवून ठेवलेली आहे. आई गावी परतल्यावर बायको कामाचा विषय काढते, तेव्हा तो काही न बोलता एका साप्ताहिकाचे मुखपृष्ठ तिच्यापुढे धरतो. साप्ताहिकाचे नाव ‘संडे मायनिची’. ‘मायनिची’ हे ते साप्ताहिक काढणाऱ्या वृत्तपत्राचे नाव असले, तरी जपानी भाषेत त्या शब्दाचा साधा अर्थ ‘रोज’ असा होतो. नवऱ्याला जे सांगणे जड जात होते ते मुखपृष्ठावर आधीच छापलेले असते: रोजच रविवार.

हा प्रसंग यासुजिरो ओझू या दिग्दर्शकाच्या १९२९ सालच्या ‘दाइगाकु वा देता केरेदो’ या मूकपटातला आहे. नावाचा अर्थ ‘पदवी तर मिळाली, पण…’ असा. मंदीच्या दिवसांत हे नाव जपानमध्ये बोलण्यात रुळले, कारण पदवी हातात घेऊन कंपन्यांचे उंबरठे झिजवणारे तरुण तेव्हा घरोघरी होते. मूळ चित्रपट सुमारे ७० मिनिटांचा होता आणि त्यातली जेमतेम दहा-बारा मिनिटे आज पाहायला मिळतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात ओझूचा ‘काइशाइन सेइकात्सु’ म्हणजे ‘कंपनीतल्या नोकरदाराचे आयुष्य’ हा विनोदी मूकपट आला. त्याची मात्र फितीवरची एक चौकटही, म्हणजे फ्रेमही, उरलेली नाही. नोकरी, बोनस, साहेबाची मर्जी आणि या सगळ्याच्या मध्ये अडकलेले नवरा-बायकोचे प्रेम असा या चित्रपटांचा ऐवज. आपल्याकडे ज्याला चाकरमानी म्हणतात तोच त्यांचा नायक आहे, फक्त त्याची चाळ टोकियोत आहे.

चित्रपट ‘हरवला’ असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय हरवलेले असते आणि काय उरलेले असते, हे या दोन चित्रपटांच्या आधाराने समजून घेता येते. हरवणे हा शब्द थोडा फसवा आहे. छत्री हरवते तेव्हा ती कुठेतरी असते. मूकपट हरवतो तेव्हा बहुतेक वेळा तो जळालेला, विरघळलेला, भंगारात गेलेला किंवा भुकटी होऊन डब्यातच संपलेला असतो.

याचे पहिले कारण फितीत आहे. त्या काळी व्यावसायिक चित्रपटांसाठी वापरली जाणारी ३५ मिलिमीटर रुंदीची फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. कापसासारख्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून हा पदार्थ तयार होतो आणि स्फोटक म्हणून वापरले जाणारे गनकॉटन हे त्याचेच भावंड आहे. नायट्रेटची फीत पारदर्शक, लवचीक आणि पडद्यावर फार देखणी दिसते, पण पेटली की जळण्यासाठी लागणारा प्राणवायू ती स्वतःतूनच पुरवते, त्यामुळे पाण्यात बुडवूनही ती विझत नाही. आग लागली नाही तरी धोका टळत नाही, कारण उष्ण आणि दमट हवेत तिचे रासायनिक विघटन आपोआप सुरू होते. आधी चित्र फिके पडते, मग फितीचे वेढे एकमेकांना चिकटू लागतात, त्यावर मधासारखा चिकट फेस येतो, आणि शेवटी डबा उघडल्यावर तपकिरी भुकटी हाती लागते. विघटनात बाहेर पडणारे वायू शेजारच्या फितीचेही नुकसान करतात, म्हणून एक नासका आंबा अख्खी अढी नासवतो तसा एक खराब डबा अख्खी खोली धोक्यात आणू शकतो. कोडॅक कंपनीने नायट्रेटची फीत बनवणे थांबवले ते १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे मूकपटांचा सगळा जमाना या फितीवरच होऊन गेला.

पण रसायनशास्त्रावर सगळा दोष टाकणे मला पटत नाही. थंड आणि कोरड्या जागी ठेवलेली नायट्रेटची फीत शंभर वर्षे टिकल्याची उदाहरणे आहेत. खरा प्रश्न असा होता की ती जपून ठेवावी असे वाटले कोणाला? बोलपट आल्यावर मूकपटाला बाजारात किंमत उरली नाही. त्याची प्रत ठेवायची तर गोदामाचे भाडे, आगीचा विमा आणि राखणदाराचा पगार भरायचा, आणि उलट फितीवरच्या थरात चांदी असल्यामुळे जुन्या प्रती विकून ती काढून घेता येत असे. हिशेबनीसाने या दोन ओळी शेजारीशेजारी मांडल्या की निकाल ठरलेलाच होता. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९१२ ते १९२९ या काळात तिथे प्रदर्शित झालेल्या १०,९१९ पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी फक्त १४ टक्के मूळ ३५ मिलिमीटरच्या स्वरूपात संपूर्ण उरले आहेत. हॉलीवूडसारख्या श्रीमंत धंद्याची ही अवस्था असेल, तर इतरांचे काय झाले असेल याचा अंदाज करता येतो.

जपानमध्ये आणखी काही गोष्टींची भर पडली. एका चित्रपटाच्या तिथे थोड्याच प्रती काढल्या जात, आणि त्या एका चित्रगृहातून दुसऱ्यात, शहरातून गावात फिरत राहत, त्यामुळे फीत झिजून तुकडे होईपर्यंत चालवली जाई. १ सप्टेंबर १९२३च्या मोठ्या भूकंपाने आणि त्यानंतरच्या आगींनी टोकियोतले त्यापूर्वीचे बरेचसे चित्रपट नेले. ओझू शोचिकू या चित्रपट कंपनीत कॅमेरा विभागात उमेदवारी करायला लागला तो याच वर्षी. पुढे युद्धाच्या काळात मार्च १९४५च्या बॉम्बफेकीत टोकियोचा मोठा भाग जळाला. ओझूने १९२८ मध्ये केलेल्या पाचपैकी एकही चित्रपट आज नाही. १९२९ मध्ये त्याने सहा चित्रपट केले, आणि त्यांतला एप्रिलमध्ये आलेला एक तेवढा धड अवस्थेत उरला आहे. एका वर्षात सहा चित्रपट हा वेग पाहिला की ते त्या काळी कसे पाहिले जात असतील हेही उमगते. आठवडाभर खेळ चालायचे, प्रेक्षक हसून घरी जायचे, आणि पुढच्या आठवड्यात नवीन पाटी लागायची. दिवाळी संपल्यावर आकाशकंदील कुठे गेला हे कोण विचारते, तशातला हा प्रकार. विनोदी चित्रपटाच्या बाबतीत ही बेफिकिरी जास्त होती, कारण ऐतिहासिक चित्रपटाला निदान प्रतिष्ठा होती, हास्यपटाला तीही नव्हती.

आता उरते काय ते पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे लांबी. मूकपटाची खात्रीची नोंद मिनिटांत नसते, मीटरमध्ये असते, आणि त्यामागे साधे गणित आहे. ३५ मिलिमीटरच्या फितीवर एका मीटरमध्ये साधारण साडेबावन्न चौकटी बसतात. ‘पदवी तर मिळाली, पण…’ची लांबी सुमारे १,९०० मीटर होती, म्हणजे तो एक लाखाच्या आसपास चौकटींचा चित्रपट होता. सेकंदाला २४ चौकटी या वेगाने दाखवला तर तो सुमारे ७० मिनिटांत संपतो, आणि १८ चौकटींच्या वेगाने दाखवला तर दीड तासापेक्षा थोडा अधिक चालतो. मूकपटांच्या काळात हा वेग सगळीकडे एकसारखा नसे, त्यामुळे ‘मूळ चित्रपट किती मिनिटांचा होता’ या प्रश्नाचे उत्तर मीटरच्या आकड्याला वेगाची जोड दिल्याशिवाय देता येत नाही. जी दहा-बारा मिनिटे उरली आहेत त्यांत लाखापैकी चौदा ते सतरा हजार चौकटी असाव्यात.

दुसरी गोष्ट म्हणजे कागद. १९२५ पासून जपानमध्ये चित्रपटांची तपासणी गृहखात्याकडे केंद्रित झाली आणि प्रत्येक चित्रपटासोबत त्याचा मजकूर खात्याला द्यावा लागू लागला. सरकारी सेन्सॉरबद्दल कृतज्ञता वाटावी असे प्रसंग आयुष्यात कमीच येतात, पण चित्रपटाच्या इतिहासकारांना ती वाटते, कारण कलावंतांनी जे जपले नाही ते कारकुनांनी फाइलींत जपले. याशिवाय ‘किनेमा जुन्पो’ हे १९१९ साली सुरू झालेले नियतकालिक आहे, त्यात परीक्षणे आणि कथासार येत. स्टुडिओने प्रसिद्धीसाठी काढलेली छायाचित्रे आहेत, जाहिराती आहेत, चित्रगृहांत वाटलेली माहितीपत्रके आहेत. छायाचित्रांच्या बाबतीत एक सावधगिरी मात्र लागते. ती बहुतेक वेळा वेगळ्या कॅमेऱ्याने, कलावंतांना थांबवून काढलेली असतात. ती चित्रपटातली चौकट नसते. लग्नाच्या अल्बमवरून लग्नात कोण कोणाशी भांडले हे जसे कळत नाही, तसे या छायाचित्रांवरून प्रसंग कसा घडत गेला हे कळत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे माणसांच्या आठवणी. ‘कंपनीतल्या नोकरदाराचे आयुष्य’बद्दलची सर्वांत मोलाची माहिती खुद्द ओझूकडून मिळते. एक दृश्य विरत असतानाच त्यावर दुसरे उमटते, त्या तंत्राला डिझॉल्व्ह म्हणतात. आपल्या चित्रपटांविषयी पुढे बोलताना ओझूने सांगितले आहे, की सकाळचे वातावरण दाखवण्यासाठी त्याने हे तंत्र या चित्रपटात वापरून पाहिले आणि ते फारसे कामाचे नाही असे त्याचे मत झाले. ज्याने ओझूचे नंतरचे चित्रपट पाहिले आहेत त्याला या वाक्याचे वजन कळेल. एक स्थिर दृश्य, मग सरळ कट, मग दुसरे स्थिर दृश्य, ही पुढे त्याची ओळखच झाली, आणि डिझॉल्व्ह त्याने सोडून दिले. म्हणजे एका मोठ्या दिग्दर्शकाने एखादी वाट चालून पाहिली आणि परत फिरला, तो वळणाचा दगडच नेमका हरवला आहे.

या मूकपटाची गोष्ट कळते ती अशी. मुलाबाळांचा संसार असलेला एक नोकरदार आणि त्याची बायको बोनसची वाट पाहत आहेत. त्या पैशांतून काय काय घ्यायचे याचे बेत चालले आहेत. आणि बोनस येतो त्याच सुमारास मंदीमुळे नवऱ्याची नोकरी जाते. नवऱ्याची भूमिका तात्सुओ साइतो याने केली, बायकोची मित्सुको योशिकावा हिने, आणि पटकथा कोगो नोदा याची होती. शोचिकू कंपनीच्या कामाता इथल्या स्टुडिओत शिरो किदो या प्रमुखाच्या हाताखाली अशा चित्रपटांची एक धाटणीच तयार झाली होती: साध्या माणसांचे रोजचे जगणे, त्यात हसू आणि डोळ्यांत पाणी, दोन्ही एकाच ताटात.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, की गोष्ट कळली, कलावंत कळले, छायाचित्रे आहेत, मग हरवले काय? हरवला तो विनोद, आणि हे थोडे बारकाईने सांगायला हवे.

सुरुवातीला सांगितलेला ‘रोजच रविवार’चा विनोद शब्दांचा आहे. तो मी इथे मराठीत लिहिला, त्यातली मेख समजावली, तरी तो बऱ्यापैकी पोहोचला असेल. चित्रपटाची शेवटची चौकट नष्ट झाली असती तरी हा विनोद पटकथेच्या कागदावर जिवंत राहिला असता. आता याच्या शेजारी ओझूच्या १९३१ सालच्या, सुदैवाने उरलेल्या ‘टोकियोचे समूहगान’ या मूकपटातला एक प्रसंग ठेवून पाहा. विमा कंपनीचे ऑफिस आहे आणि बोनसचा दिवस आहे. पाकीट मिळाले की एकेक जण सहज उठल्यासारखे करून स्वच्छतागृहाकडे जातो आणि तिथे आडोशाला नोटा मोजतो. कोणाला किती मिळाले हे प्रत्येकाला हवे आहे आणि आपले कोणालाही कळायला नको आहे. एवढ्यात कळते की एका वयस्क सहकाऱ्याला कंपनीने काढून टाकले आहे, कारण त्याने विमा उतरवलेला गिऱ्हाईक लगोलग मेला. नायक तावातावाने साहेबाच्या खोलीत जाब विचारायला जातो. दोघांच्या हातांत उन्हाळ्याचे पंखे आहेत. बोलता बोलता एक जण पंख्याने दुसऱ्याला टोचतो, दुसरा तसेच परत टोचतो, प्रत्येक खेपेला जोर किंचित वाढतो, आणि दोन मोठी माणसे शाळेतल्या पोरांसारखी एकमेकांना ढकलू लागतात. नायकाची नोकरी जाते.

मी केलेल्या या वर्णनात कोणाला फारसे हसू आले असेल असे मला वाटत नाही, आणि तो दोष फक्त माझ्या लेखणीचा नाही. या प्रसंगातला विनोद पंखा टोचण्यात नाही, तो दोन टोचण्यांमधल्या थांबण्यात आहे. पहिला पंखा लागल्यावर साहेब किती वेळ गप्प राहतो, त्याचा चेहरा केव्हा बदलतो, उलट टोचणे केव्हा येते, हे सगळे चौकटींच्या हिशेबात ठरलेले असते. सहा चौकटी कमी झाल्या तर तो अपघात वाटतो, सहा जास्त झाल्या तर मारामारी वाटते. सहा चौकटी म्हणजे २४च्या वेगाने पाव सेकंद. पटकथेत या ठिकाणी फार तर ‘दोघे एकमेकांना पंख्याने ढकलतात’ अशी एक ओळ असणार. कथासारात तीही नसते. तिथे ‘साहेबाशी वाद होऊन नायकाची नोकरी जाते’ असे येते, आणि ते वाचून हा गंभीर सामाजिक चित्रपट असावा असेच वाटेल.

म्हणून हरवलेल्या हास्यपटाविषयी कागदावरून केलेले प्रत्येक विधान एका बाजूला कललेले असते. कागद शब्दांचा विनोद जपतो आणि शरीराचा विनोद गाळतो; कथा जपतो आणि वेळ गाळतो. ‘कंपनीतल्या नोकरदाराचे आयुष्य’ची कथा आज आपण वाचतो तेव्हा ती मंदीने पिचलेल्या कुटुंबाची करुण कहाणी वाटते. त्या काळच्या प्रेक्षकांना ती हसवायला आली होती.

तुकड्याचीही अशीच एक अडचण आहे. ‘पदवी तर मिळाली, पण…’चे जे उरले आहे ते सलग रीळ नाही, तर कथा कळेल अशा बेताने केलेला संक्षेप आहे. त्यात आरंभीची मुलाखत आहे, जिथे पदवीधर नायकाला स्वागतकक्षात बसायची नोकरी देऊ केली जाते आणि ती कमीपणाची वाटून तो नाकारतो. मिनोरु ताकादा आणि किनुयो तानाका यांचे ते नवखे, एकमेकांना सांभाळून घेणारे नवरा-बायको आहेत. घर चालवण्यासाठी बायको एका कॅफेत काम धरते, ते कळल्यावर नवरा चिडतो आणि मग स्वतःचीच लाज वाटून त्याच कंपनीत स्वागतकक्षाची नोकरी मागायला जातो. साहेबाला त्याचा बदललेला सूर आवडतो आणि त्याला चांगली जागा मिळते. गोष्ट पुरी झाली, पण ७० मिनिटांची गोष्ट दहा-बारा मिनिटांत बसवताना कात्री कुठे चालली असेल? बेकार माणसाच्या रिकाम्या दिवसांवर, म्हणजे ऑफिसच्या वेळात ऑफिसात नसलेला माणूस नेमके काय करतो त्यावर. विनोदाची खाण तीच होती. उरलेल्या तुकड्यात नायक फार घाईने शहाणा होतो.

याच तुकड्यात घराच्या भिंतीवर हॅरॉल्ड लॉइड या विनोदी नटाच्या ‘स्पीडी’ या १९२८ सालच्या अमेरिकी विनोदी चित्रपटाचे पोस्टर दिसते. तरुण ओझू हॉलीवूडच्या चित्रपटांचा भक्त होता. लॉइडने आपल्या चित्रपटांच्या प्रती जपून स्वतःच्या बंगल्याच्या आवारात ठेवल्या होत्या, आणि १९४३ मध्ये तिथल्या कोठीला आग लागून त्याच्या सुरुवातीच्या अनेक लहान चित्रपटांच्या प्रती जळाल्या. जपणाऱ्याचेही नायट्रेट ऐकत नाही.

मग हरवलेल्या चित्रपटाच्या जवळ जायचे तरी कसे? एक वाट शेजाऱ्यांकडून जाते. तोच लेखक, तोच स्टुडिओ, तेच नट आणि तोच विषय असलेला उरलेला चित्रपट पाहायचा आणि त्यावरून हरवलेल्याचा स्वभाव ताडायचा. ‘टोकियोचे समूहगान’ची पटकथाही नोदाचीच आहे. त्याहून जवळचा शेजारी म्हणजे १९३२ सालचा ‘जन्माला आलो, पण…’, कारण त्यात नोकरदार बाप झाला आहे साइतो आणि आई झाली आहे योशिकावा, म्हणजे हरवलेल्या चित्रपटातले तेच जोडपे. या चित्रपटात साहेबाच्या घरी हौसेने काढलेली घरगुती फिल्म दाखवली जाते. साहेबाचा मुलगा, कर्मचारी आणि या नोकरदाराचे दोन मुलगे समोर बसलेले असतात. पडद्यावर त्यांचा कडक बाप साहेबाला खूश करण्यासाठी डोळे तिरळे करून तोंडे वेडीवाकडी करताना दिसतो. खोलीतली माणसे हसतात आणि मुलांचे चेहरे उतरतात. घरी आल्यावर ती बापाला विचारतात, तुम्ही त्या माणसापुढे का वाकता? पगार देतो म्हणून, हे उत्तर त्यांच्या गळी उतरत नाही आणि ती जेवण सोडून बसतात. साइतोची विनोदी अंगे किती तरबेज होती आणि ऑफिसातल्या लाचारीचा विनोद तो कसा करत असे, हे पाहायला आज यापेक्षा चांगली जागा मला ठाऊक नाही.

ऑफिसातले प्रेमही शेजारच्या चित्रपटांतूनच पाहावे लागते. टंकलेखिका हे १९२०-३०च्या दशकांतल्या शहरी चित्रपटांचे लाडके पात्र होते, कारण तरुण स्त्री परक्या पुरुषांच्या शेजारी दिवसभर बसून स्वतःचा पगार मिळवते, ही गोष्ट तेव्हा नवलाईची होती आणि नवलाईच्या मागे प्रेमकथा आलीच. ओझूच्या १९३३ सालच्या ‘पोलिसांच्या नाकेबंदीतली बाई’ अशा अर्थाच्या नावाच्या मूकपटात तानाका टंकलेखिका आहे आणि मालकाचा मुलगा तिच्या मागे लागलेला आहे. सुरुवातीलाच खुंट्यांवर ओळीने टांगलेल्या टोप्या दिसतात आणि त्यांतली एकच टोपी आपोआप खाली पडते. कोणाची टोपी, का पडली, काही खुलासा नाही. हा गुन्हेगारीचा चित्रपट आहे, तरी ऑफिसच्या शिस्तीची अशी सहज केलेली थट्टा हास्यपटांच्या सरावाशिवाय सुचत नाही.

नेमक्या याच काळात मुंबईतही हेच पात्र पडद्यावर आले होते. कोहिनूर फिल्म कंपनीने १९२६ मध्ये ‘टायपिस्ट गर्ल’ हा मूकपट काढला. दिग्दर्शक चंदुलाल शहा हे शेअर बाजारातून चित्रपटांत आलेले गृहस्थ, आणि त्यांनी तो अवघ्या १७ दिवसांत पुरा केला असे सांगितले जाते. सुलोचना, गोहर आणि राजा सँडो हे त्यातले कलावंत. सुलोचना म्हणजे पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स, ज्या चित्रपटांत येण्यापूर्वी खरोखरच टेलिफोन ऑपरेटर होत्या. त्याच वर्षी त्यांनी ‘टेलिफोन गर्ल’मध्येही काम केले, म्हणजे ऑफिसातली बाई पडद्यावर आणताना कोहिनूरला फार लांब जावे लागले नाही. ‘टायपिस्ट गर्ल’चे दुसरे नाव ‘मी ख्रिस्ती का झाले’ अशा अर्थाचे होते. पहिल्या नावावरून हलकीफुलकी प्रेमकथा वाटते आणि दुसऱ्यावरून समाजसुधारणेचा वाद. दोन्ही नावे कागदावर शेजारीशेजारी आहेत, आणि कागदाच्या भरवशावर राहण्याची ही अडचण इथेही तीच आहे. आपल्याकडच्या मूकपटांपैकी फार थोडे उरले आहेत. खुद्द ‘राजा हरिश्चंद्र’ची चारपैकी पहिली आणि शेवटची रिळेच पाहायला मिळतात. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात जुन्या प्रभातच्या आवारातल्या कोठीत नायट्रेटच्या फितींना आग लागली, तेव्हा जे गेले ते तर अगदी आपल्या डोळ्यांदेखत गेले.

जपानी मूकपटाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तिथे पडद्याशेजारी बेनशी नावाचा निवेदक उभा राहून सगळ्या पात्रांचे संवाद बोलत असे, प्रसंग रंगवत असे, आणि नामांकित बेनशीच्या नावावर तिकिटे खपत. एकच हास्यपट दोन चित्रगृहांत दोन तऱ्हांनी हसवत असणार. संपूर्ण फीत सापडली तरी हा आवाज सापडणार नाही. योगायोग असा, की फिती वाचवण्यातही एका बेनशीचा मोठा वाटा आहे: शुन्सुई मात्सुदा यांनी युद्धानंतर जुने मूकपट जिथे मिळतील तिथून गोळा केले, आणि त्यांच्या संग्रहामुळे अनेक चित्रपट आज आहेत.

सापडण्याच्या गोष्टी अशाच आडवाटेच्या असतात. तेइनोसुके किनुगासा या दिग्दर्शकाला स्वतःचाच १९२६ सालचा चित्रपट १९७१ मध्ये घरच्या कोठीत सापडला. १९३० साली जपानमध्ये गाजलेला एक सामाजिक चित्रपट १९९०च्या दशकात रशियाच्या चित्रपट संग्रहालयात निघाला. ओझूच्या बाबतीत मदतीला आली ती घरगुती फिल्म, म्हणजे ‘जन्माला आलो, पण…’मध्ये साहेबाच्या बैठकीत चालते तशी. पाथे कंपनीने १९२२ मध्ये साडेनऊ मिलिमीटरची छोटी फीत आणि घरात चालवायचे यंत्र बाजारात आणले. ही फीत नायट्रेटची नव्हती, सहज पेट न घेणारी होती, आणि चालू चित्रपटांचे संक्षेप तिच्यावर उतरवून सधन घरांना विकले जात. ओझूचा १९२९ सालचा ‘तोक्कान कोझो’ हा खोडकर पोराच्या अपहरणाचा विनोदी मूकपट पूर्ण गेला असे मानले जात होते. १९८८ मध्ये त्याचा साधारण १४ मिनिटांचा छोट्या फितीवरचा संक्षेप मिळाला, आणि २०१६ मध्ये आणखी काही मिनिटांची भर घालणारी दुसरी प्रत हाती आली. स्टुडिओच्या कोठीतली चांगली प्रत गेली आणि मुलांच्या करमणुकीसाठी घेतलेली स्वस्त, कापलेली प्रत टिकली.

‘पदवी तर मिळाली, पण…’च्या बाकीच्या भागाचे वजन-माप काढायचे तर तो सोळाशे मीटरच्या आसपास भरेल. एका रिळावर साधारण ३०० मीटर फीत मावते. म्हणजे पत्र्याचे पाच-सहा चपटे डबे. एका मध्यम ट्रंकेत ते सहज बसतात आणि वर टोपी ठेवायलाही जागा उरते.